कटांगाचा पंडुम

"काय गा गायता, एक कोंबडा काप अन् मोकळा हो ना," निलमवार म्हणाला. "कोन पाहून रायला इथं?"

बाबा मान मागं टाकून वर बघत होता. मी त्याच्या मागं उभी होते आणि मीही वरच बघत होते.

कटांग फुलला होता.

कटांग म्हणजे आमच्या पहाडीवरचा काटेरी बांबू. मांडीएवढा जाड, मोहाच्या झाडाहून उंच. जन्मल्यापासून मी तो हिरवाच पाहिलेला. त्या वर्षी शिमग्याच्या आधी त्याची सगळी पानं गळाली आणि काडीकाडीला, पेरापेराला पिवळसर झुबके लोंबायला लागले. फूल म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पाकळी नाही, वास नाही, नुसती पिवळी धूळ. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकही रांजी, म्हणजे बांबूचं एकही बेट, मागं राहिलं नव्हतं. मागच्या पावसात जमिनीतून वर आलेली कोवळी काठीसुद्धा फुलली होती. आजी, लेक आणि नात एकाच दिवशी बाळंत व्हाव्यात तसं ते दिसत होतं. मधमाश्या एवढ्या की सगळी पहाडी गुणगुणत होती, आणि निलमवारला त्या आवाजावरून ओरडून बोलावं लागत होतं.

निलमवार हा पेलेटच्या कारखान्याचा माणूस. लाकूड, बांबू, काडीकचरा दळायचा, त्याच्या गोळ्या दाबायच्या आणि विजेच्या कारखान्यात कोळशासोबत जाळायच्या, असा तो धंदा. त्यांच्या गाडीवर हिरवं पान रंगवलेलं होतं. निलमवार लबाड नव्हता, हेही मला लिहिलं पाहिजे. फुललेला कटांग मरतो हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. "मरनारच हाये ना? उभा सुकला तं उन्हाळ्यात एक बिडी पुरे. सारी पहाडी जळून खाक होईन. त्यापेक्षा माह्या मशीननं जाऊ दे, गावाले काम तरी भेटन." ग्रामसभेला ते पटलं होतं. पहाडीवरचा हक्क गावाचा, ठराव गावाचा. मशिनी पायथ्याशी येऊन उभ्या होत्या. मुळापासून कापायचं, जागेवरच चुरा करायचा आणि गाडीत भरायचं. झुबके, काटे, सगळ्यासकट.

अडलं होतं ते फक्त पंडुमावर.

जंगलात जे नवं येतं ते आम्ही लगेच तोंडात घालत नाही. आंबा असो, मोह असो, पावसाळ्यातले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, असोत, आधी त्याचा पंडुम होतो. गायता, म्हणजे गावाचा पुजारी, देवाला दाखवतो, स्वतः खातो, मग गाव खातं. तोवर तोडायचं नाही, वेचायचं नाही. ज्यानं आधी खाल्लं त्याच्यामुळं गावावर काही संकट येतं. कटांगाला बी येणार होतं. भातासारखं बी, शिजवून खातात ते. म्हणजे कटांगाचा पंडुम करायला हवा होता. गायता होता माझा बाप, सुकरू. आणि त्याला तो पंडुम येत नव्हता.

शहरातले लोक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, आदिवासींना जंगलाचं सगळं ठाऊक असतं. सभांमध्ये बोलतात, पुस्तकात लिहितात, डोळे पाणावतात त्यांचे. मला चीड येते. त्या उन्हाळ्यात आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यांना नाही, गायत्याला नाही, कुणालाच नाही.

आधीचा फुलोरा आला तेव्हा माझा आजा, झुरू, गायता होता. दुसऱ्या वर्षी गावात देवी आल्या. अंगभर फोड उठून अर्धं गाव गेलं, आजाही गेला. बाबा तेव्हा अंगावर पीत होता. उरलेले लोक पांगले, काही वर्षांनी परतले, आणि बाबाच्या काकानं जमेल तसं गायतेपण चालवलं. त्याला आंब्याचा येत होता, मोहाचा येत होता. कटांगाचा त्यानं विचारलाही नव्हता. गावात दोनतीन म्हातारे होते, तेव्हा लहान पोरं असलेले, ज्यांना तो फुलोरा आठवत होता, पण त्यांना आठवत होतं ते एवढंच की बी गोड लागलं आणि मग माणसं मेली.

आणि त्यांना तिजो आठवत होती.

तिजो माझी आत्या. बाबाची सगळ्यात थोरली बहीण. आमच्यात लग्नं देव बघून होतात. सारख्या संख्येनं देव पुजणारी घरं म्हणजे भाऊबहीण, त्यांच्यात सोयरीक नाही. तिजो सहा देवांच्या घरची, आणि पळून गेली तीही सहा देवांच्याच घरात. तेही कटांग फुलला होता त्याच उन्हाळ्यात. जाताना तिनं पंडुमाच्या आधी बी खाल्लं, पदरात बांधूनही नेलं, आणि म्हणून देवी आल्या, असं गाव सांगायचं. नदीपलीकडे ती कुठल्या गावात राहते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आमच्या घरात तिचं नाव घेत नसत. लहानपणी मी एकदा विचारलं तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

त्यामुळे निलमवार जेव्हा म्हणत होता की कोंबडा काप आणि मोकळा हो, तेव्हा तो काय मागतो आहे हे त्याला कळत नव्हतं. चुकीचा पंडुम केला आणि गावात एक लेकरू जरी दगावलं, तर ते बाबाच्या नावावर जाणार होतं. नाही केला तर गावाचं काम बुडणार, आणि वर पहाडीला आग लागली तर तीही त्याच्याच नावावर.

"इचारतो," बाबा शेवटी म्हणाला.

"कोनाले?" निलमवार हसला. "ज्याले ठाऊक होतं ते तं सारे मेले म्हंते गाव."

त्या रात्री बाबा जेवला नाही. सकाळी मला म्हणाला, चल, बाजाराला जाऊ. आईनं पिशवी दिली, तर तो म्हणाला पिशवी नको. तेव्हाच मला कळलं की आम्ही बाजाराला जात नाही.

बाजाराच्या गावापर्यंत गाडी, तिथून छत्तीसगडच्या हद्दीपर्यंत जीप, मग नदी पायी ओलांडून रान. बाबा वाटेत बोलला ते फक्त एकदा. म्हणाला, मी तिला ओळखणार नाही. तिचं तोंड मला आठवत नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. तिजोबाई म्हटल्यावर पोरांनी लांबूनच हात केला. गावाच्या टोकाला एक घर, आणि त्याच्या मागं, उकिरड्याला लागून, आभाळात चढलेला पिवळा ढीग.

मी जागच्या जागी थांबले. बाबाही थांबला.

तो कटांग होता. एकच रांजी. तिच्या आसपास दुसरा कटांग कुठंही नव्हता, त्या मुलखात होतो तो वेगळा बांबू, आणि तो सगळा हिरवागार होता. फक्त ती एक रांजी पानं टाकून, तेच पिवळे झुबके लोंबवत, तशीच गुणगुणत उभी होती. आमची पहाडी तिथून दोन खोरी आणि एक नदी पलीकडे. वारा पोचत नाही एवढं अंतर. बाबानं नकळत पायातल्या चपला काढल्या.

अंगणात एक म्हातारी शेळीला शिव्या घालत होती. सडपातळ, ताठ, कपाळावर गोंदण. तिनं आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, कोणाचे?

"झुरू गायत्याचा पोरगा," बाबा म्हणाला.

तिनं खूप वेळ त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तो तर अंगावर पीत होता."

"तोच."

"मोठा झालास," ती म्हणाली, आणि शेळीची दोरी सोडून मटकन खाली बसली.

घरात आम्ही गोंडी बोलतो, त्या दिवशीचं सगळं बोलणंही गोंडीतलं. इथं मराठीत लिहिते आहे. पण तिची जीभ जशी चालत होती तशी मराठीत आणता येत नाही. अर्ध्या बोलण्यात टोमणा, अर्ध्यात शिवी. मी कोण म्हणून तिनं विचारलं, माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले, म्हणाली हिला काम सांगता की नुसती शाळेत धाडता. मग रांजीकडे बोट करून तिनं बाबाला म्हटलं, "तू त्याच्यासाठी आलास. माझ्यासाठी नाही."

बाबा खोटं बोलला नाही. हो म्हणाला.

"ते बी आपल्या पहाडीचं. इथं आले तेव्हा खाऊन उरलं ते पेरलं. एवढंच रुजलं. इतकी वर्षं बघते आहे, मेलं फुलेना. आणि आता फुललं तर म्हणतोस तिकडंही फुललं आहे." ती वर बघत राहिली. "याला कोण सांगायला आलं? मला तर कुणी एक निरोप धाडला नाही."

मधमाश्यांचा आवाज तेवढा येत होता.

बाबानं मग विचारलं. झुरू गायत्यानं पंडुम कसा केला, कोणता देव घेतला, काय कापलं, काय बोलला. विचारताना त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागली. दात नव्हते फारसे, पण हसणं मोठं होतं.

"त्यालाही येत नव्हता," ती म्हणाली.

बाबाला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. झुरूला येत नव्हता. झुरूच्या बापालाही येत नव्हता, असं झुरू सांगायचा. माणूस गायता होतो, आणि त्याच्या हयातीत कटांग एकदा फुलतो. मग शिकवणार कोण आणि शिकणार कोण. त्या उन्हाळ्यात तिचा बापही असाच दारोदार विचारत फिरला होता आणि हात हलवत परत आला होता.

"मग काय केलं?"

"बसलो."

"म्हणजे?"

"म्हणजे बसलो. बाबा म्हणाला, आपल्याला येत नाही तर निदान मध्ये पडू नये. सगळं गाव पहाडीवर जाऊन बसलं. बी पिकलं, आपोआप गळालं. आधी रानकोंबड्यांनी खाल्लं, डुकरांनी खाल्लं. मातीत पडलं ते राहू दिलं. खडकावर पडलं ते आम्ही झाडून घेतलं, तिथं काही रुजणार नव्हतं ना. पंडुम म्हणशील तर तेवढाच."

मी त्या वयात सगळ्यांवर चिडलेली असायचे. निलमवारवर, कारखान्यावर, सरकारी माणसांवर. तिथं बसल्या बसल्या मला पहिल्यांदा आमच्याच गावाची चीड आली. मी विचारून टाकलं. लोक म्हणतात तू आधी खाल्लंस.

तिचं हसू गेलं. शेळीकडे बघत म्हणाली, "खाल्लं ना. बाबानं दिलं ते खाल्लं. झाडून घेतलं त्याच रात्री, गावानं खायच्या आधी, मी निघाले तेव्हा पहाडीवर तोच भेटला. त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या पदरात बांधलं. म्हणाला, जातेस तर उपाशी जाऊ नको. आणि म्हणाला, गावात मला हे सांगता येणार नाही, मी गायता आहे." आणि मग, "पुढच्या वर्षी तो मेला. मग माझ्या बाजूनं बोलणारं कोणी उरलं नाही."

बाबा उठला. मला वाटलं आता निघायचं. पण तो तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, पाणी दे.

तिनं लगेच दिलं नाही. "माझ्या घरचं पाणी प्यायलास तर गायतेपण जाईल तुझं."

"दे," बाबा म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी त्याला म्हटलं, पाण्याचं गावात सांगायची गरज नाही. मी काही बोलणार नाही. तो म्हणाला, न सांगूनच तर झालं हे.

ग्रामसभा भरली ती निलमवारनंच भरवली, कारण मशिनी नुसत्या उभ्या होत्या. बाबानं उभं राहून सगळं सांगितलं. कुठं गेलो, कोणाच्या घरी गेलो, पाणी प्यालो, तिनं काय सांगितलं. मध्ये एकदाही थांबला नाही. सभेत कोणी कोणाचं ऐकेना. म्हातारे म्हणाले, ती खोटं बोलते. बायका म्हणाल्या, आता खोटं बोलून तिला काय मिळायचं आहे. कोणी म्हणालं, याला गायतेपणातून काढा. बाबा म्हणाला, काढा, पण मग पंडुम कोण करणार ते आत्ताच सांगा. शिव्या द्यायला अख्खं गाव होतं, कोंबडा हातात घ्यायला एकही माणूस पुढं आला नाही.

निलमवारचं डोकं चांगलं चालायचं. तो शांतपणे म्हणाला, "म्हंजे पंडुमच नाई. असा काई पंडुम कदी नव्हताच. मंग अडून काहून रायले? उद्या मशीन चढवतो."

गावातल्या अर्ध्या माना हलल्या. खरंच होतं त्याचं.

बाबा त्याच्याकडे वळला. "आमाले येत नाई म्हनूनच थांबाचं हाये," तो म्हणाला. "येत असतं तं कवाचं उरकलं असतं."

"अन् आग लागली तं?"

"तं मी तिथंच असन."

आणि तो दुसऱ्या दिवशी उजाडताच पहाडीवर जाऊन बसला. ठराव नाही, मतदान नाही. तांब्याभर पाणी आणि फडक्यात भाकर घेऊन एका रांजीखाली बसला. मशिनवाला वर आला, समोर माणूस बघून खाली गेला. दुपारी मी आणि आई गेलो. संध्याकाळी आणखी तीनचार बायका आल्या, काय चाललंय बघायला म्हणून, आणि बसल्या. पुढच्या काही दिवसांत घराघरातून कोणी ना कोणी यायला लागलं. काही बाबाच्या बाजूचे होते, काही नुसतेच घाबरलेले. एकदोघं तर बाबाला शिव्या द्यायला यायचे आणि सावली बरी आहे म्हणून थांबायचे, सावली अजिबात नव्हती तरी. पानं गळलेली ना.

आगीचं निलमवार खोटं सांगत नव्हता, म्हणून गावानं पहाडीभोवती पाला झाडून रुंद पट्टा काढला. चढणाऱ्या प्रत्येकाच्या बिड्या आणि काडेपेट्या पायथ्याला एका डब्यात जमा व्हायच्या. तो डबा माझ्या आईकडे. माणसांनी तिला जेवढ्या विनवण्या त्या महिन्यात केल्या तेवढ्या आयुष्यात कोणी कोणाला केल्या नसतील.

निलमवार शेजारच्या पहाडीवर गेला. ती दुसऱ्या गावाची. त्यांच्याकडे पंडुमाची अडचण कोणी काढली नाही. मशिनी चढल्या, मुळापासून कापत गेल्या. बी अजून कोवळं होतं, झुबक्यात दूध भरलेलं, तेही चुऱ्यात गेलं. आमच्या पहाडीवरून आवाज ऐकू यायचा, दिवसभर, एखादं जनावर हाड फोडत बसल्यासारखा. हिरव्या पानाच्या गाड्या भरभरून जायच्या. इतकी वर्षं झाली, त्या पहाडीवर आज तरोट्याचं तण आहे आणि रायमुनियाची झुडपं. कटांगाचं एक पातं नाही. मरणारच होतं म्हणून कापलं, पण जे जन्मणार होतं तेही त्यातच होतं, एवढं साधं होतं ते. कारखान्याच्या चोपड्यांत ही लाकडं परत उगवणारी म्हणून लिहिली जातात. लिहिणाऱ्यांनी एकदा त्या पहाडीवर उभं राहून दाखवावं.

आमचा वाळलेला कटांग निलमवारनं नेला, पण दोन पावसाळ्यांनंतर. पायाखालची रोपं गुडघ्याला लागल्यावर गावानं कापू दिला, दुसऱ्या पेराच्या वर, कोयत्यानं, आणि एकेक काठी खांद्यावरून खाली आणली. ट्रॅक्टर वर चढू दिला नाही. निलमवार कुरकुरला. पण नेला. जळाला तर जळू दे, कटांगानं त्याचं काम केलं होतं.

पण ते पुढचं. मला त्या वैशाखातलं सांगायचं आहे.

बी भरत आलं तेव्हा बाबा पुन्हा नदीपलीकडे गेला आणि तिजोआत्याला घेऊन आला. कोणाला विचारलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाला, पहिलं बी ही खाणार. यावर पुन्हा खूप बोलणं झालं. ज्या बाईनं आधी खाल्लं म्हणून माणसं मेली तिनंच आधी खायचं, हे म्हाताऱ्यांना गिळता येईना. आत्या काठीला हनुवटी टेकवून ऐकत बसली होती. मग उठली, म्हणाली तुमचं ठरलं की सांगा, आणि एकटी पहाडी चढायला लागली. तिच्या मागून बाबा, बाबाच्या मागून आम्ही, आणि भांडता भांडताच बाकीचं गाव.

वर जाऊन तिनं एका झुबक्यातलं बी दातानं फोडलं. अख्खं गाव बघत होतं. ती थुंकली.

"दूध आहे अजून," ती म्हणाली. "थांबा."

एक म्हातारा, जो तिला सगळ्यात जास्त बोलला होता, त्यानं विचारलं, किती थांबायचं? ती म्हणाली, तुला कुठं जायचं आहे? आणि लोक हसले. त्या दिवसापासून तिला कोणी काही बोललं नाही. माफी मागितली असं नाही. माफी वगैरे आमच्या गावाला येत नाही. पण कोणीतरी तिच्यासाठी वर बाज नेली, कोणी सकाळची आंबील नेऊन द्यायला लागलं.

आणि मग एका दुपारी वारा सुटला.

आधी मला वाटलं पाला सळसळतोय. पण पाला कुठं होता. माझ्या हातावर काहीतरी टोचलं, मग मानेवर. वर बघितलं तर पहाडी सुटली होती. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. त्या उंचीवरून, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एकाच वेळी, बी गळायला लागलं होतं. सूप पाखडताना येतो तसा आवाज, पण तो सगळीकडून, आणि थांबतच नव्हता. उन्हात ते बारीक सोनेरी दिसत होतं. खडकावर पडताना वेगळं वाजायचं, मातीवर वेगळं, माणसांवर वेगळं. बघता बघता जमीन दिसेनाशी झाली. रानकोंबड्या आमच्या पायांमधून पळत होत्या, आम्ही नाहीच असं समजून. उतारावर गवा आला, डोक्यावर बी साचलेलं, आमच्याकडे बघत उभा राहिला आणि खाली मान घालून खायला लागला. लेकरं आईला चिकटून बसली होती. माझा बाप, ज्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो तळहात पसरून उभा होता आणि तळहात भरून सांडत होता, तरी मूठ मिटत नव्हता.

एवढं सगळं कोणासाठी, असं माझ्या मनात आलं. आमच्यासाठी नव्हतं ते. आम्ही फक्त त्या वेळी तिथं होतो.

कितीतरी वेळानं कोणालातरी आठवलं की आता खायचं. सगळ्यांच्या पायाखाली, अंगावर, ओंजळीत बी होतं आणि कोणी तोंडाला लावलं नव्हतं. पहिलं बी तिचं, म्हणून माणसं आत्याला शोधायला लागली.

ती बाजेवर बसल्या बसल्या झोपली होती. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. केसांत, खांद्यांवर, भुवयांवर बी साचलं होतं. वरून आणखी पडत होतं. श्वासासरशी काही दाणे घसरायचे आणि त्यांच्या जागी दुसरे येऊन बसायचे.

आईनं तिला हलवायला हात पुढं केला. तिला सगळ्यात जास्त बोललेल्या त्या म्हाताऱ्यानं तो अडवला.

"झोपू दे तिला," तो हळूच म्हणाला, आणि तिच्या बाजेपाशी खाली बसला. मग आम्ही सगळेच बसलो.